अटकेच्या फॉर्ममधले चार रकाने : मुंबईच्या पोलीस आयुक्तांना खुलं पत्र

प्रति,
मा. पोलीस आयुक्त, बृहन्मुंबई
आणि
मा. अपर मुख्य सचिव, गृह विभाग, महाराष्ट्र शासन

विषय : मुंबईत अटक होणाऱ्या माणसांची सामाजिक माहिती दरवर्षी जाहीर करण्याबाबत

स. न. वि. वि.

मी मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांत रिमांडचं, म्हणजे अटकेनंतर आरोपीला कोर्टासमोर आणतात तेव्हाचं, काम करते. ज्याला वकील परवडत नाही त्याच्या बाजूने विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवरून उभी राहते. रोज दुपारी हवालदार आरोपींना हाताला धरून आत आणतात. दंडाधिकारी साहेबांसमोर कागद जायच्या आधी प्रत्येकाशी बोलायला मला तीन-चार मिनिटं मिळतात. इतकी वर्षं तीन-तीन, चार-चार मिनिटांनी मी या शहरातली अटक झालेली माणसं पाहिली आहेत. त्या माणसांबद्दल आपल्याला एक विनंती करायची आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते. एका उपनगरातल्या न्यायालयात एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा आणला होता. मोबाईल चोरीचा गुन्हा. बसस्टॉपवर झोपलेल्या माणसाच्या खिशातून फोन काढला, असं फिर्यादीत होतं. अटकेचा कागद मी पाहिला. पत्त्यापुढे एकच शब्द होता, 'फिरस्ता'. धंद्यापुढे 'नाही'. मी विचारलं, काम काय करतोस? तो म्हणाला, "कॅटरिंगमध्ये भांडी घासतो, मॅडम. लग्नसराई असली की काम. आता चातुर्मास आहे ना." परभणी जिल्ह्यातला होता. सिझनमध्ये हॉलच्या मागे, भांड्यांच्याच खोलीत झोपायचा. सिझन संपला की झोपायला जागा नाही.

घरी कळवलंय का, असं विचारलं तर म्हणाला, वडिलांचा नंबर पाठ नाही. फोनमध्ये आहे. त्याचा स्वतःचा फोन अंगझडतीत जमा झाला होता. साहेबांनी जामीन दिला, पंधरा हजारांचा. पण पंधरा हजार आणणार कोण, आणि रेशनकार्ड घेऊन जामीनदार म्हणून उभं राहणार कोण? मुलगा आर्थर रोड तुरुंगात गेला. त्याच्या गावाचं नाव घेऊन मी ग्रामपंचायतीचा नंबर शोधला, सरपंचांमार्फत वडिलांपर्यंत निरोप गेला, ते मुंबईत आले, मी रक्कम कमी करून घेण्याचा अर्ज केला. या सगळ्यात पाच आठवडे गेले. जामीन मात्र पहिल्याच दिवशी मंजूर झाला होता.

त्याच दुपारी, त्याच कोर्टात, तसाच गुन्हा असलेला आणखी एक मुलगा होता. त्याची आई बाहेर व्हरांड्यात आधारकार्ड, लाइटबिल आणि शेजाऱ्याला घेऊन बसली होती. तो दुसऱ्या दिवशी घरी गेला. दोघांमध्ये फरक एवढाच होता की एकाचं या शहरात कुणीतरी होतं.

हे मी भावनेच्या भरात सांगते आहे असं आपल्याला वाटू शकतं. म्हणूनच मी आकडे मागते आहे, आणि ते गोळा करण्यासाठी नव्याने काही उभारायचीही गरज नाही. अटक झाली की जो छापील फॉर्म भरला जातो, जो सीसीटीएनएसमध्ये, म्हणजे पोलीस ठाण्यांना जोडणाऱ्या देशव्यापी प्रणालीत, संगणकावर चढतो, त्यात आरोपीच्या सामाजिक-आर्थिक स्थितीचा भाग आधीपासूनच आहे. राहतो कसा, फूटपाथपासून बंगल्यापर्यंत. शिक्षण किती. धंदा काय. उत्पन्नगट कोणता. चार रकाने. नव्वदच्या वर पोलीस ठाण्यांत रोज ते भरले जातात. आणि भरल्यानंतर त्यांचं काय होतं? माझ्या पाहण्यात तरी ते कधी कुणी वाचलेले नाहीत. म्हणूनच चौदा तास भांडी घासणाऱ्याच्या नावापुढे 'धंदा : नाही' असं लिहिलं तरी चालून जातं. जो रकाना कुणी वाचणार नसतो तो कुणी मन लावून भरत नाही. यात मी ठाणे अंमलदाराला दोष देत नाही. रात्री दोन वाजता सहा आरोपी, दोन पंचनामे आणि स्टेशन डायरी एकट्याने सांभाळणाऱ्याकडून आणखी कशाची अपेक्षा करायची?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल निघतो, त्यात मुंबईचे आकडे असतात. कोणत्या सदराखाली किती अटका, त्यात पुरुष किती आणि बायका किती, हे मिळतं. अल्पवयीन मुलांबाबत तर याच अहवालात बरंच तपशीलवार असतं : मूल किती शिकलेलं होतं, आईवडिलांपाशी राहत होतं, नातेवाइकांकडे होतं की बेघर होतं. पण मुलगा अठरा वर्षांचा झाला की सरकार हे छापणं बंद करतं. सतराव्या वर्षी जो 'बेघर' म्हणून मोजला जातो तो एकोणिसाव्या वर्षी नुसता आरोपी असतो.

मग आपल्या हाती राहते ती तुरुंगांची आकडेवारी, आणि सगळी चर्चा तिच्यावरच चालते. २०२२ अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून संपलेला नाही असे. चारात तीन. महाराष्ट्रात हे प्रमाण त्याहून जास्त, पाचात चारच्या आसपास. देशभरातल्या कैद्यांत शंभरातले शहाण्णव पुरुष. कच्च्या कैद्यांतले जवळजवळ निम्मे अठरा ते तीस वयाचे. कैद्यांतले तीनात दोन एकतर निरक्षर, नाहीतर दहावीच्या आत शाळा सुटलेले. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग मिळून तीनात दोनच्या जवळपास. हे आकडे हादरवणारे आहेत आणि ते छापले जातात ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यांत एक मोठी खोट आहे. ही मोजणी ३१ डिसेंबरला आत कोण आहे याची असते. मार्चमध्ये पकडलेला आणि चौथ्या दिवशी सुटलेला माणूस तिच्यात नाही. ज्याला ठाण्यातच जामीन मिळाला तोही नाही. वर्षाच्या शेवटी आत उरतात ते गंभीर गुन्ह्यांतले, आणि ज्यांना बाहेर काढायला कुणी नाही ते. परभणीचा तो मुलगा डिसेंबरमध्ये पकडला गेला असता तर आकड्यांत दिसला असता. पावसाळ्यात पकडला गेला म्हणून तो कुठेच नाही. ना अटकेच्या तक्त्यात 'भांडी घासणारा' म्हणून, ना तुरुंगाच्या तक्त्यात.

तेव्हा तुरुंगात कोण आहे हे आपल्याला थोडंफार कळतं, शहरात अटक कुणाला होते हे कळत नाही. पोलिसांचं काम दुसऱ्या प्रश्नाशी आहे.

पुरुषांबद्दल मला थोडं थांबून बोलायचं आहे, कारण अटकेच्या बाबतीत पुरुष असणं आपण गृहीतच धरतो. मुंबई हे एकट्या पुरुषांचं शहर आहे, गिरण्यांच्या काळापासून. तेव्हा खानावळी होत्या, गावकीच्या खोल्या होत्या, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे पंधरा-वीस गाववाले होते. २०११ च्या जनगणनेतही शहर जिल्ह्यात हजार पुरुषांमागे स्त्रिया साडेआठशेहून कमीच होत्या. बाहेरून येतो तो तरुण, एकटा, पैसे गावी पाठवणारा. गिरणीत कुणी पकडला गेला तर जॉबर, म्हणजे कामगार भरती करणारा मुकादम, किंवा गाववाला तरी ठाण्याच्या दारात उभा राहायचा. आजचा नाका कामगार, डिलिव्हरीवाला, बांधकामावरचा बिगारी यांच्यामागे कोण उभं राहतं? ठेकेदार फोन उचलत नाही. खोलीवरचे मित्र घाबरतात. आपलंही नाव गोवलं जाईल ही भीती त्यांनाही असतेच. रिमांडच्या वेळी मी नेहमी एक प्रश्न विचारते : मुंबईत तुझं कोण आहे? त्याच्या उत्तरावरून हा माणूस आठवड्यात सुटेल की महिन्याने, याचा माझा अंदाज क्वचितच चुकतो. कलम कोणतं लागलंय यावरून तो बऱ्याचदा चुकतो.

कायद्यातच हे गुंतलेलं आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, कारण नोंदवावं, नाहीतर हजर राहण्याची नोटीस द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार खटल्यात २०१४ साली बजावलं. आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्येही ते आहे. साध्या चोरीला कमाल शिक्षा तीन वर्षं, म्हणजे नोटीस पुरेशी व्हायला हवी. पण अटकेच्या मान्य कारणांत एक असं : आरोपी कोर्टात हजर राहील याची खात्री नाही. मग ज्याला पत्ताच नाही त्याच्याबद्दल अधिकाऱ्याने खात्री कशी द्यायची? नोटीस कुठे बजावायची, पुलाखाली? अधिकारी अटक करतो आणि कागदावर त्याचं कारण बरोबरही असतं. ज्याला घर आहे त्याला नोटीस मिळते आणि फूटपाथवरच्याला कोठडी. कुणाच्याही मनात आकस नसताना हे घडतं. असं किती वेळा घडतं हे मोजल्याशिवाय त्यावर उपाय काढता येणार नाही.

मोजताना एक गोष्ट मात्र वेगळी ठेवावी लागेल. अटक म्हणजे गुन्हा नव्हे. अटकेचा आकडा गुन्हा करणाऱ्याबद्दल जेवढं सांगतो तेवढंच पोलीस कुठे बघतात याबद्दलही सांगतो. रात्री ऑल आऊट ऑपरेशन होतं, नाकाबंदी, कोम्बिंग होतं. दुसऱ्या दिवशी प्रसिद्धिपत्रक येतं : महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम १२० खाली इतके, १२२ खाली इतके, १३५ खाली इतके, १४२ खाली इतके. १४२ म्हणजे तडीपारीचा आदेश मोडून परत आलेला, ते समजू शकतं. पण १२२ म्हणजे सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी संशयास्पद अवस्थेत सापडलेला. रात्री तीन वाजता पुलाखाली कोण सापडणार, हे सांगायला आकडेवारी लागत नाही. ज्याला झोपायला दार बंद करता येतं तो या कलमाच्या तावडीत कसा सापडेल? भिक्षाप्रतिबंधक कायदा तर १९५९ चा. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातल्या शिक्षेच्या तरतुदी दिल्लीपुरत्या रद्द केल्या, आपल्याकडे कायदा चालू आहे. सणावारात, निवडणुकीच्या तोंडावर प्रतिबंधक कारवाया वाढतात, चॅप्टर केसेस, म्हणजे शांतता राखण्याचं बंधपत्र लिहून घेणाऱ्या कारवाया, होतात. यांपैकी प्रत्येक प्रकारात पकडलेला माणूस कोण होता, हे वेगवेगळं सांगितलं तरच आकड्याला अर्थ येईल. खुनाचा आरोपी आणि १२२ चा माणूस एकाच बेरजेत टाकले तर ती बेरज फक्त दिशाभूल करील.

आता सगळ्यात अवघड भाग. जात आणि धर्म.

काही वर्षांपूर्वी टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी महाराष्ट्रातल्या मुस्लिम कैद्यांचा अभ्यास केला. तेव्हा राज्याच्या लोकसंख्येत मुस्लिमांचं प्रमाण साधारण १०.६ टक्के होतं आणि तुरुंगांत ३६ टक्के. ज्यांच्याशी ते अभ्यासक बोलले त्यातले बरेचसे गरीब घरचे, कमी शिकलेले आणि कुठल्याही टोळीशी संबंध नसलेले होते. हा आकडा एका बाजूने वाचला तर तो एका समाजाला गुन्हेगार ठरवण्यासाठी वापरता येतो, दुसऱ्या बाजूने वाचला तर पोलिसांना पक्षपाती ठरवण्यासाठी. दोन्ही वाचनं मी कोर्टाच्या कँटीनमध्ये ऐकली आहेत, एकाच दिवशी. कोणती खरी, किती खरी, हे तुरुंगाच्या आकड्यावरून ठरतच नाही. वय, घर, शिक्षण, धंदा सारखे असलेल्या दोन माणसांपैकी एकालाच जास्त वेळा अटक होते का, एकालाच जामीन उशिरा मिळतो का, हे पाहावं लागतं. त्यासाठी ते चार रकाने लागतात. 'परप्रांतीयांमुळे गुन्हे वाढले' हे वाक्य तर या शहरात दर निवडणुकीला ऐकू येतं. ते म्हणणाऱ्यांनीही आकडे मागायला हवेत, आणि ते नाकारणाऱ्यांनीही.

मोजण्याचा जुना इतिहास भयंकर आहे याची मला जाणीव आहे. इंग्रजांच्या तुरुंग-अहवालांत कैद्याचा धर्म, वय, शिक्षण, धंदा सगळं असायचं, आणि त्याच काळात १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला, ज्याने पारध्यांसारख्या अख्ख्या जमातींना जन्मानेच चोर ठरवलं. सोलापूरला आजही एका भागाला लोक 'सेटलमेंट' म्हणतात. तारांच्या कुंपणात ठेवलेल्या त्या माणसांची सुटका ३१ ऑगस्ट १९५२ ला झाली, आणि पुढे सवयीच्या गुन्हेगारांचा कायदा आला तो आपल्या मुंबई राज्यात १९५९ साली. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने, मुंबईतल्याच एका पत्रकार महिलेच्या याचिकेवर, तुरुंगातल्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं आणि विमुक्त, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या, जमातींच्या माणसांना मनमानी अटक होऊ नये असंही बजावलं. तो निकाल मला मनापासून मान्य आहे. जात पाहून झाडू कुणाच्या हातात द्यायचा आणि स्वयंपाक कुणी करायचा हे ठरत होतं. जेलरच्या समोर जात नसावीच.

पण मनमानी अटक होते आहे की नाही, हे तपासणार कशाने? नाव पुसलेल्या, एकत्र केलेल्या आकड्यांनीच. इंग्लंड-वेल्समध्ये १९९१ च्या फौजदारी न्याय कायद्याच्या कलम ९५ मुळे सरकारला अशी माहिती जाहीर करावी लागते आणि तिथे अटकेपासून शिक्षेपर्यंत वंशवार आकडे निघतात. त्यांवर तिथे भांडणंही होतात. निदान ती भांडणं आकडे समोर ठेवून होतात.

आपल्याकडे उलटंच आहे. नाव जाहीर होतं, समाज नाही. अटक झालेल्याचं नाव-पत्ता जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाबाहेर लावण्याची तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४१-सी मध्ये होती, आता नव्या संहितेच्या ३७ मध्ये आहे, आणि आता ठाण्यातही दर्शनी आणि डिजिटल पद्धतीनेही. नातेवाइकांना माणूस सापडावा, पोलिसांनी गुपचूप डांबू नये यासाठीच ती आहे, आणि ती हवीच. पण पुढे निर्दोष सुटलेल्या मुलाचं नाव फळ्यावर लागलं आणि तो कोणत्या परिस्थितीतून आला हे कुठेच नोंदलं गेलं नाही, हे मला खुपतं.

म्हणून माझी मागणी अशी. दरवर्षी जानेवारीत बृहन्मुंबई पोलिसांनी आदल्या वर्षीच्या अटकांची एक सामाजिक माहिती काढावी. नाव नको, ठाणेनिहाय धर्म-जातही नको, शहराची एकत्र. वय, शिक्षण, धंदा, राहण्याची जागा, मुंबईत किती वर्षं, कुटुंब सोबत की एकटा, मूळ जिल्हा, सामाजिक प्रवर्ग. आणि या प्रत्येकासोबत अटक कशाखाली झाली ते : गुन्ह्यात, प्रतिबंधक कलमाखाली की पोलीस कायद्याखाली. नोटीस दिली की अटक केली. जामीन कधी मंजूर झाला आणि माणूस प्रत्यक्षात कधी सुटला. शेवटी आरोपपत्र गेलं का. 'कुटुंब सोबत की एकटा' आणि 'मुंबईत किती वर्षं' हे दोनच प्रश्न नवे आहेत. बाकी सगळं आपल्या संगणकात किंवा कोर्टाच्या रोजनाम्यात आहे. तुलनेसाठी शहराची लोकसंख्याही ताजी लागेल. २०११ च्या १ कोटी २४ लाखांवर आजच्या अटका मोजणं चुकीचं होईल, पण २०२७ ची जनगणना तोंडावर आहे.

याचा उपयोग पोलिसांनाच आधी होईल असं मला वाटतं. गरीब कैद्यांच्या जामिनासाठी केंद्राची योजना २०२३ पासून आहे, कच्च्या कैद्याला जामिनाच्या रकमेसाठी मदत मिळू शकते. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, असे सर्वोच्च न्यायालयाचे जानेवारी २०२३ चे निर्देश आहेत. पण हे सगळं माणूस तुरुंगात गेल्यावर सुरू होतं. अटकेच्या रात्रीच 'एकटा, पत्ता नाही, नंबर पाठ नाही' अशी नोंद झाली तर दुसऱ्या दिवशी रिमांडलाच आम्हाला कळेल. आठशे-हजार माणसांसाठीच्या आर्थर रोडमध्ये तीन हजारांवर माणसं झोपतात, एका कुशीवर. त्यातली काही तरी तिथे जायचीच नाहीत.

आणि एक छोटी गोष्ट, जी आपण आजच्या आज एका परिपत्रकाने करू शकता. अंगझडतीत फोन जमा करून सील करण्याआधी आरोपीला त्यातून तीन नंबर कागदावर लिहून घेऊ द्यावेत. आई, वडील, भाऊ, मालक, कुणीही. अटक झाल्याचं नातेवाइकांना कळवणं बंधनकारक आहेच, पण 'नंबर सांगता आला नाही' असा शेरा मी कितीतरी कागदांवर वाचला आहे, आणि प्रत्येक वेळी तो फोन त्याच ठाण्यात, त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, लाखेचं सील लावून ठेवलेला होता.

परभणीच्या त्या मुलाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. तो येतो, प्रत्येक तारखेला, रात्रीच्या गाडीने, वडिलांच्या नंबरची चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवून.

आपली विश्वासू,
एक रिमांड वकील, मुंबई